तुरुंगातून सुटणाऱ्याच्या हाती कोणता हुनर द्यायचा?

आमच्या वर्सोव्याच्या सोसायटीने मागच्या वर्षी गच्चीवर सौर पॅनेल बसविण्याचे ठरविले. पैसे तयार होते, माल गोदामात आला होता. पण ठेकेदार दोन महिने तारखाच देत राहिला. काम जाणणारी माणसे मिळत नाहीत, हे त्याचे उत्तर.

त्याच दिवसांत एक बाई माझ्या दुकानावर आल्या. त्यांचा मुलगा तीन वर्षे तुरुंगात काढून सुटला होता. आत तो हातमागावर विणकाम शिकला होता. ‘‘शेठ, कापडाचेच काम आहे, ठेवून घ्या,’’ असे त्या म्हणाल्या. मी ‘‘पाहू’’ म्हणालो. व्यापाऱ्याच्या ‘‘पाहू’’चा अर्थ काय असतो हे आपणास सांगायला नको. त्या पुन्हा आल्या नाहीत. एकीकडे माणसाविना अडलेले काम आणि दुसरीकडे कामाविना अडलेला माणूस, या दोघांची गाठ कोणी घालायची? हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

तुरुंग आणि कापड यांचे नाते जुने आहे. आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी विणलेला प्रचंड गालिचा राणी व्हिक्टोरियाच्या विंडसर राजवाड्यात अंथरला गेला. आपल्या येरवड्यातही विणकाम, शिवणकाम, सुतारकाम यांचे कारखाने आहेत. तुरुंगात विणलेल्या चादरीला सरकारी खाती हे बांधलेले गिऱ्हाईक असते. बाहेर आल्यावर त्याच विणकराला भिवंडीच्या यंत्रमागाशी टक्कर द्यावी लागते आणि यंत्रमागवाला स्वतःच मंदीने बेजार आहे. तीस वर्षे कापडाच्या धंद्यात काढून मी हे लिहीत आहे. हातमागाचा हुनर उत्तम आहे, पण सुटलेल्या माणसाचा चुलो त्यावर पेटेलच असे नाही. ज्या मालाला उठाव आहे तोच दुकानात भरावा, हा साधा नियम शिक्षणालाही लागू आहे.

आज उठाव सौरऊर्जेच्या कामाला आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. एक कोटी घरांच्या छपरांवर पॅनेल बसविण्याचे तिचे उद्दिष्ट असून त्यासाठी 75,021 कोटी रुपयांची तरतूद आहे. तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते. महाराष्ट्रात त्याच वर्षी ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनाही आली. म्हणजे शहरात गच्ची आणि गावात विहीर, दोन्हीकडे काम आहे.

हे काम तरी काय असते? लोखंडी सांगाडा उभारणे, पॅनेल कसणे, तारा ओढणे, इन्व्हर्टर जोडणे, अर्थिंग करणे. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, म्हणून पुसणे, तपासणे, दुरुस्त करणे हेही कायमचे काम आहे. आमच्याकडे तर समुद्राची खारी हवा नटबोल्टही खाऊन टाकते. यातील अर्धे काम फॅब्रिकेशनचे आणि अर्धे वायरिंगचे. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या आपल्या कारागिरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

सौर कारागीर तयार करण्यासाठी ‘सूर्यमित्र’ नावाचे सरकारी प्रशिक्षण 2015 पासून सुरू झाले. परंतु ते मुख्यतः आयटीआय झालेल्यांसाठी आखलेले. तुरुंगातील बहुसंख्य लोक दहावीपर्यंतही पोचलेले नसतात. तेव्हा कागदावरची पात्रता थोडी बाजूला ठेवून हात पाहून शिकविणारा, उस्तादाच्या पद्धतीचा अभ्यासक्रम तुरुंगासाठी हवा.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5,73,220 माणसे होती. त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे शंभरात पंचाहत्तरांहून अधिक. ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे हे लोक. आपल्या समाजाचा तुरुंगातील वाटा लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त आहे, हेही त्याच अहवालांतून वर्षानुवर्षे दिसते. ‘सुटकेआधी सहा महिने प्रशिक्षण’ असे म्हटले, तर कच्च्या कैद्याला सुटकेची तारीखच नसते. आज जामीन झाला की संध्याकाळी तो फाटकाबाहेर. म्हणून शिक्षणाचे पंधरा-पंधरा दिवसांचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याचा वेगळा दाखला द्यावा आणि उरलेले बाहेरच्या आयटीआयमध्ये पुरे करता यावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याच्या सुटकेसाठी तुरुंग अधीक्षकाने न्यायालयात अर्ज करायचा असतो. जन्मठेप व फाशीचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले याला अपवाद आहेत. म्हणजे कोण सुटण्याच्या बेतात आहे याची यादी अधीक्षकाजवळ असू शकते. शिक्षणाची निवड त्या यादीवरून व्हावी.

दाखल्यावर तुरुंगाचे नाव मात्र नसावे. त्या एका शब्दाने सारे शिकलेले वाया जाते.

काहीजण म्हणतील, असल्या माणसावर भरवसा कसा ठेवायचा? भरवशाचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 1939 साली औंध संस्थानच्या राजांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेवरून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. कैदी तेथे भिंतीशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा 1957 चा चित्रपट त्याच प्रयोगावरून निघाला. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून कैद्यांमध्ये आणि सुटलेल्यांमध्ये काम करीत आहे. रस्ता दाखविणारे आहेत. दार उघडणारे कमी आहेत.

दार उघडणे म्हणजे स्वस्तात राबवून घेणे नव्हे. कैद्याच्या श्रमालाही न्याय्य मजुरी मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये सांगितले आहे. मग सुटलेल्या माणसाला कमी रोजी कोणत्या तोंडाने द्यायची?

माझी व्यापारी व कारागीर बंधूंना विनंती अशी आहे. ज्यांची फॅब्रिकेशनची किंवा वायरिंगची दुकाने आहेत, त्यांनी वर्षाला एक जागा अशा माणसासाठी ठेवावी. वीजजोडणीची जबाबदारी परवानाधारकाचीच राहील. हा प्रथम हेल्पर म्हणून शिकेल आणि पुढे स्वतःचा परवाना काढील. रोजी इतरांइतकीच द्यावी. मागची गोष्ट मालकाने पोटात ठेवावी, कारखान्यात चर्चा करू नये. ज्यांच्याकडे असे काम नाही त्यांनी एका माणसाच्या हत्यारांचा व उंचीवर काम करताना लागणाऱ्या सुरक्षा पट्ट्याचा खर्च उचलावा. आणि ज्यांच्या सोसायट्या पॅनेल बसवीत आहेत त्यांनी ठेकेदाराला एवढेच विचारावे की, असा एखादा मुलगा तुम्ही घ्याल का?

आमच्या गच्चीवरचे काम शेवटी झाले. वर्षातून काही वेळा पॅनेल धुण्यासाठी आणि बोल्ट तपासण्यासाठी माणूस लागतो. त्या बाईंचा पत्ता मी शोधतो आहे. या वेळी ‘‘पाहू’’ म्हणणार नाही.