किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचें, किनाऱ्यावर विसावलेल्या होड्यांचें १८८५ सालचें एक चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्यें आहे. त्याची छापील प्रत वर्गांत दाखविली कीं मुलें हटकून विचारतात, हें चित्र पुरें कां केलें नाहीं? पालकांचा प्रश्न याहून परखड असतो : असल्या गोष्टींचा परीक्षेस उपयोग काय? दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकच आहे असें आम्हांस वाटतें.

चित्र नॉर्मंडींतील एत्रेता गांवचें आहे. तेथें बंदर नाहीं. समुद्रावरून परतल्यावर कोळ्यांस आपली होडी गोट्यांच्या चढावर ओढून घ्यावी लागे; त्यासाठीं किनाऱ्यावर लांकडी रहाट बसविलेले असत व माणसें दांड्यांस जोर लावून ते फिरवीत. समुद्रावर नेण्याजोगी न राहिलेली होडीहि टाकून देत नसत. तिच्यावर गवताचें छप्पर घालून आंत जाळीं व दोर ठेवीत, आणि तिला ‘कालोज’ म्हणत. मोनेच्या एत्रेताच्या चित्रांत या म्हाताऱ्या कालोजाहि दिसतात.

आतां अपुरेपणाविषयीं. १८७४ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत मोनेच्या एका चित्राची लुई लरवा या टीकाकारानें हीच थट्टा केली होती, आणि त्या थट्टेंतूनच ‘इंप्रेशनिस्ट’ हें नांव रूढ झालें. आमचे विद्यार्थी तेव्हां एकटे नाहींत! परंतु कथालेखक मोपासाँ यानें मोनेला एत्रेतास काम करतांना पाहिलें होतें. १८८६ सालीं तो लिहितो कीं, एकाच देखाव्याचे पांचसहा पट घेऊन मुलें त्याच्यामागून चालत, आणि उजेड बदलला कीं मोने एक पट ठेवून दुसरा घेई. डांबर फांसलेली होडी काळी, हें सर्वांस ठाऊक असतें. ओलसर उजेडांत तिच्यावर निळा, जांभळा असे किती रंग उतरतात, हें पाहिल्यावांचून कळत नाहीं. त्या घटकेस दिसलें तेवढेंच त्यानें काढलें. कडा रेखीव नाहींत त्या यामुळें.

परीक्षानळींत न पाहतां पुस्तकांतील रंग वहींत उतरविणारा मुलगा प्रत्येक प्रयोगशाळेंत भेटतो, आणि त्याला गुणहि मिळतात. त्याची संवय मोडावयाची तर चित्रकलेचा तास रसायनाच्या तासाइतकाच कामास येतो. तो तास कमी करूं नये. उलट महिन्यांतून एकदां तरी फळ्यावरची सुरई बाजूस ठेवून मुलांस कागद व रंग देऊन बाहेर उजेडांत न्यावें, असें आमचें मत आहे.