फवारणी कीं फसवणूक?

नवतपा लागला म्हणजे जवाहरनगरच्या आसपासच्या वाड्यांतून टमाट्याचीं, वांग्याचीं फुलें झडूं लागतात, आणि त्याच सुमारास दुकानांत ‘जैव उत्तेजक’ म्हणविणाऱ्या शिश्या चमकूं लागतात. दुकानदार म्हणतो, घेऊन जा, पैसे पीक निघाल्यावर द्या. पीक निघो न निघो, उधारी मात्र निघतेच! शेतकरी बंधूंनो, शिशी उचलण्यापूर्वीं झाड कां हटतें तें ऐका.

दिवसा पारा ३५ अंशांच्या वर गेला आणि रात्रींहि उकाडा राहिला तर टमाट्याचा पराग निकामी होतो. फळ धरत नाहीं. आपल्याकडे मे महिन्यांत तो ४५ ला टेकतो. अशा वेळीं झाड पानांचीं बारीक तोंडें मिटून पाणी राखतें. पण तोंडें मिटलीं कीं अन्न तयार होणें थांबतें व पान अधिकच तापतें. मुळाशीं ओल नसतां वरून शिंपडणें म्हणजे उपाशी माणसाच्या कपाळाला चंदन लावणें होय. आधीं पहांटे पाणी, मग वाफ्यावर धानाच्या तणसाचें आच्छादन. तणस घरचेंच, त्याला उधारी नाहीं.

एवढें केल्यावर फवारणी उपयोगी पडते, हें आम्ही नाकारीत नाहीं. केओलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, लिटरला ५० ग्रॅम मारली तर ती पानावर बसून ऊन परतवते. दुकानांत १३-०-४५ म्हणून मिळणारें पोटॅशियम नायट्रेट लिटरला १० ग्रॅम पुरे. त्यांतील पालाश पानांच्या तोंडांची उघडमीट सांभाळतें. दोन्ही एका पंपांत मिसळूं नयेत. ऊन कलल्यावर मारावें. भर दुपारीं मारल्यास पान करपतें आणि मजुरीहि बुडते. आधीं दोनच ओळींवर पहावें.

आतां त्या शिश्यांविषयीं. जैव उत्तेजकें २०२१ सालीं खत नियंत्रण आदेशाखालीं आलीं. तरी २०२५ च्या जुलैत केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनींच सांगितलें कीं, अशीं सुमारें ३० हजार उत्पादनें बेधडक विकलीं जात होतीं. तपासणी कडक होतां सुमारें ६५० उरलीं. मग बाकीच्या शिश्यांचा पैसा कोणाच्या घामाचा होता? तो परत कोण देणार? युरियाच्या पोत्याबरोबर शिशी गळ्यांत बांधणें तर सरळ बेकायदा आहे. पक्की पावती मागा. देत नसेल तर दुसरें दुकान पहा.

कृषि खात्यानें मंजूर मालाची यादी मराठींत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. साकोलीच्या कृषि विज्ञान केंद्रानें आमच्या वाडींत येऊन दोन वाफे फवारून व दोन कोरे ठेवून दाखवावे. हें सर्व नवतपा लागण्यापूर्वीं व्हावें. फुलें झडल्यावर येणाऱ्या साहेबांना दाखवायला आमच्याकडे कांहींच उरत नाहीं.