घड्याळाची कला आणि हिशेबी टीकाकार

“स्वस्त क्वार्ट्झ घड्याळ अधिक अचूक चालते; मग वर्षभर खपून हाताने एकच घड्याळ घडविण्यात कला कसली?” असा सवाल आमचे काही विद्वान मित्र विजयी मुद्रेने करतात. त्यांनी इंग्रज घड्याळजी जॉर्ज डॅनियल्स (१९२६–२०११) याचे काम पाहावे. चक्रे, काटे, पेटी हा गृहस्थ स्वहस्ते घडवी. तबकडीवरील नक्षीही स्वतःच कोरी. एकट्याने घडविलेली त्याची घड्याळे तिसांच्या आतच भरली, आणि तीही धनिकांच्याच खिशात गेली, हे कबूल. परंतु घर्षणाचे मर्म कळले ते प्रत्येक दाता स्वतः कापणाऱ्या या माणसालाच. स्प्रिंगची शक्ती टिकटिकीगणिक सोडणारी, वंगणावर फारशी न विसंबणारी ‘को-ॲक्शियल’ रचना त्याने १९७० च्या दशकात योजिली. स्विस कारखानदारांनी ती वर्षानुवर्षे झिडकारली. अखेर १९९९ साली ओमेगाने तीच बाजारात आणली. या शोधाचे श्रेय आमचे मित्र कोणत्या यंत्राला देणार?