तारा आणि लाल बावटा

आयपीसीएल ही सरकारी कंपनी २००२ मध्ये रिलायन्सच्या हाती गेली आणि नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्याचा धनी बदलला. वाजपेयी सरकारच्या निर्गुंतवणूक खात्याची तेव्हा कोणी पाठ थोपटली, कोणी त्याला शिव्या घातल्या. पण सरकारने उद्योगधंद्यात फार हातपाय पसरू नयेत, हे १९५९ पासून कानीकपाळी ओरडून सांगणाऱ्या स्वतंत्र पक्षाचे नाव कोणाच्या ओठी आले नाही. येणार तरी कसे? तो १९७४ मध्येच भारतीय लोकदलात विसर्जित झाला होता.

जानेवारी १९५९ च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला आणि चक्रवर्ती राजगोपालाचारी ऊर्फ राजाजी खवळले. आंध्रचे शेतकरी नेते रंगा, कन्हैयालाल मुन्शी आणि एकेकाळचे कडवे समाजवादी मिनू मसानी त्यांना येऊन मिळाले आणि स्वतंत्र पक्ष उभा राहिला. ‘लायसन्स-परमिट राज’ हा शब्दप्रयोग राजाजींनीच रूढ केला. तारा ही निशाणी घेतलेल्या या पक्षाने १९६२ मध्ये लोकसभेच्या १८ जागा जिंकल्या. १९६७ मध्ये ४४ जागांसह तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. १९७१ मध्ये उरल्या आठ.

शेजारच्या गुजरातेत हा पक्ष प्रमुख विरोधक होता. महाराष्ट्राच्या विधानसभेत मात्र १९६२ आणि १९६७ या दोन्ही निवडणुकांत त्याची पाटी कोरीच राहिली. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तर त्याला कोणी दारातही उभे केले नसते. ज्या जिल्ह्यातल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून १९३३ पासून सहा वर्षे खोतांची शेते पडीक ठेवली, तिथे ‘मालमत्तेचा हक्क’ म्हटले की डोळ्यांपुढे खोत येणार. राजेरजवाड्यांना आणि गिरणीमालकांना सोबत घेऊन फिरणाऱ्या पक्षाला हा इतिहास पुसता आला नाही. पुसण्याचा प्रयत्न त्याने केला, असेही दिसत नाही.

तरीही या पक्षाने देशाच्या राजकारणाला एकदा मोठा हादरा दिला, आणि तोही रोह्याच्या माणसाला पुढे करून. १९६९ च्या राष्ट्रपतिपदासाठी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाचे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. १९५२ मध्ये ते काँग्रेसतर्फे कुलाब्यातूनच लोकसभेवर गेले होते आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले होते. गंमत अशी की, इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले ते याच देशमुखांच्या कारकिर्दीत! त्यांना १,१२,७६९ मते पडली. दुसऱ्या पसंतीची मते बहुतांश काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी यांच्याकडे वळली, तरीही इंदिरा गांधींच्या पाठिंब्यावर उभे असलेले व्ही. व्ही. गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते निवडून आले. याच दुसऱ्या पसंतीसाठी काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा स्वतंत्र आणि जनसंघाच्या नेत्यांना भेटले होते. त्या भेटीचे कोलीत इंदिरा गांधींच्या हाती लागले आणि वर्षअखेरीच्या आत काँग्रेस दुभंगली.

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून वगळला गेला. त्याची झळ संस्थानिकांना फारशी बसली नाही, कारण त्यांचे तनखे आधीच बंद झाले होते. झळ बसली ती दोन-चार एकरवाल्यांना. पेण तालुक्यातल्या २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रावर (सेझ) कौल दिला तेव्हा ‘आमची जमीन, आमचा निर्णय’ हाच त्याचा अर्थ होता. मसानींच्या पक्षाला ही भूमिका शोभून दिसली असती. प्रत्यक्षात त्या लढ्याच्या अग्रभागी लाल बावट्याच्या शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) एन. डी. पाटील होते. खोताच्या मालकीविरुद्ध लढणाऱ्या परंपरेलाच शेवटी शेतकऱ्याच्या मालकीची राखण करावी लागली.

औद्योगिक विकास महामंडळ आजही १९६१ च्या कायद्याने जमिनी घेते आणि त्यात शेतकऱ्याच्या संमतीची अट नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पांसाठी ८० टक्के बाधितांची संमती बंधनकारक केली, पण महामंडळाचा रस्ता त्याला वळसा घालून जातो. रोहा-मुरूडमधील नियोजित औषधनिर्मिती प्रकल्पाला गावकऱ्यांनी विरोध केला, त्याच्या मुळाशी ही पळवाट होती. ती बुजवण्यासाठी विधिमंडळात दुरुस्ती विधेयक आणावे लागेल. ते उजव्यांनी आणले काय किंवा डाव्यांनी आणले काय, रायगडच्या आमदारांनी त्यावर आपले मत नोंदवलेच पाहिजे.