वाचादोष की बोलीचा उच्चार?

वऱ्हाडातलं मूल डोळ्याला ‘डोया’ म्हणतं. घरातले, गल्लीतले सगळे तसंच म्हणतात. हा उच्चारदोष नव्हे. मात्र प्रमाण मराठीची चाचणी हाती घेऊन बसलेल्याला तो दोष वाटू शकतो. मेळघाटातल्या कोरकू मुलाची अडचण याहून मोठी आहे. त्याची भाषा मराठीच्या कुळातलीच नाही. मराठीत तपासून त्याच्या वाचाविकासाबद्दल काय कळणार? अशाने निरोगी मुलावर शिक्का बसतो आणि खरोखर अडलेलं मूल ‘भाषा येत नाही’ म्हणून सुटून जातं. हे दुसरं अधिक घातक आहे.

वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून वाचा व श्रवणाच्या क्षेत्रात तज्ज्ञ घडवत आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा व भाषेच्या दिव्यांगत्वाला वेगळी मान्यता दिली. तरी तज्ज्ञ प्रामुख्याने शहरांतच आहेत. कर्णबधिर मुलाच्या कॉक्लिअर इम्प्लांटला सरकारी मदत मिळते, पण शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ नियमित वाचोपचार लागतात. त्यासाठी रोजंदारी बुडवून दुर्गम पाड्यावरच्या आईने दर आठवड्याला शहर गाठायचं, हा अन्याय आहे.

गोंडी, भिली, कोरकू बोलणाऱ्या तरुणांना वाचोपचाराच्या अभ्यासक्रमांत शिष्यवृत्तीसह जागा द्या. त्यांच्या भाषांत चाचण्या तयार करा. जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत वाचोपचार तज्ज्ञाचं पद कायमस्वरूपी भरा आणि तालुक्याला ठरलेल्या वारी त्याची भेट सुरू करा.