लांब केस हा दोष नव्हे

टीव्हीवरच्या मेकओव्हर कार्यक्रमात लांब केसांची बाई आली, की पुढे काय होणार हे बहुधा ठरलेले असते. ‘व्हॉट नॉट टू वेअर’ची अमेरिकी आवृत्ती २००३ ते २०१३ अशी दहा वर्षे चालली. घरच्यांनी किंवा मैत्रिणींनी नाव सुचवायचे, बाईच्या नकळत चित्रीकरण करायचे, जुने कपडे कचऱ्याच्या डब्यात टाकायचे, खरेदीसाठी ५,००० डॉलर द्यायचे आणि मग केसांकडे वळायचे. अभिनेत्री सोहा अली खान आणि फॅशन डिझायनर अकी नरुला यांना घेऊन टीएलसी वाहिनीने भारतीय आवृत्तीही आणली. या साच्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’मधला फरक एका नजरेत दिसावा लागतो. केसांची निगा सुधारली, बांधायची पद्धत बदलली, तर ते पडद्यावर फारसे कळत नाही. जमिनीवर पडलेला हातभर शेपटा मात्र लगेच दिसतो. कापणे ही कार्यक्रमाची गरज असते आणि सल्ला म्हणून ती बाईच्या माथी मारली जाते.

अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमधला बायकांचा डबा पाहावा. लांब केस पिळून वर घेतलेले, क्लचरने घट्ट अडकवलेले, कारण गर्दीत मोकळी वेणी कुणाच्या तरी पर्सच्या चेनमध्ये अडकते. उतरायच्या आधी तेच केस सोडून, आरशाशिवाय, दोन मिनिटांत सरळ वेणी घातली जाते. सणावाराला स्टेशनबाहेर घेतलेला गजरा त्याच वेणीत माळला जातो. कामाच्या, प्रवासाच्या आणि हौसेच्या हिशेबाने वर्षानुवर्षे घडलेली ही शैलीच आहे. तिला ‘स्वतःकडे दुर्लक्ष’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. अनेकींचे लांब केस त्यांनी निवडलेले नसतात. आईचा, सासूचा धाक असतो, आणि अशा बाईला केस कापणे ही सुटकाच वाटते. हे खरे आहे. पण कार्यक्रम हा भेद करतो कुठे? धाकाने वाढवलेल्या आणि आवडीने जपलेल्या, दोन्ही केसांना कात्री एकच. बाईच्या केसांचा निर्णय कुणाचा, हा प्रश्न जुनाच आहे. १८९० साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करायचे नाही असे ठरवले. त्या क्रौर्याची तुलना हेअरकटशी कुणी करू नये. तरी बाईच्या केसांचा निर्णय इतरांनी घ्यायचा नसतो, हे तेव्हा वस्तरा हाती धरणाऱ्यांनी जाहीरपणे मान्य केले होते. सहभागी बाईने करारावर सही केलेली असते, हेही सांगितले जाते. पण नाव घरच्यांनीच दिलेले, दिवे लागलेले, सगळे युनिट खोळंबलेले, अशा वेळी ‘नको’ म्हणायला किती जणी धजावतील?

आहे तशी बाई दाखवली तर प्रेक्षक बघणार नाहीत, हेही पटत नाही. झी मराठीवर २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’मध्ये आदेश बांदेकर चाळींत आणि फ्लॅटमध्ये जाऊन वहिनींना खेळायला लावत, जिंकणारीला पैठणी देत; तिचे रूप बदलायची गरज पडली नाही आणि कार्यक्रम वर्षानुवर्षे चालला. तो खेळाचा कार्यक्रम होता हे मान्य. तरीही मेकओव्हरवाल्यांनी निदान केस किती वर्षांपासून आणि का वाढवले हे आधी विचारावे, अंबाडा, खोपा, सागरवेणी उत्तम घालणारी व्यक्ती पथकात ठेवावी, बाईने स्वतः मागितले तरच केस कापावेत, आणि ती नाही म्हणाली तर तो भाग न कापता दाखवावा.