हजेरीपुस्तकातला ‘हेल्पर’

तालुक्याच्या गावी एखाद्या पतसंस्थेची नवी इमारत उभी राहते. कोनशिलेवर अध्यक्षांचे नाव असते, संचालकांची असतात, वास्तुविशारदाचेही असते. उद्घाटनाच्या दिवशी व्यवस्थापकांच्या मेजावरचा फोन वाजतो, ते एक कळ दाबून समोरच्याला वसुली विभागाशी जोडून देतात आणि जमलेल्या मंडळींना त्याचे कौतुक वाटते. ज्याने या इमारतीच्या भिंतींतून तारा ओढल्या, त्यांची टोके जुळविली आणि प्रत्येक मेजावर क्रमांक आणून पोहोचविला, त्याचे नाव कोनशिलेवर असावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. परंतु कंत्राटदाराच्या हजेरीपुस्तकात तरी ते कसे लिहिले जाते, हे पाहण्यासारखे आहे. नावापुढे, कामाच्या रकान्यात, एकच शब्द असतो : ‘हेल्पर’.

हा शब्द म्हणजे कामाचे वर्णन नव्हे, तो मजुरीचा दर आहे. किमान वेतनाच्या अधिसूचनांत कामगारांची कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी प्रतवारी असते आणि ‘हेल्पर’ म्हटले की माणूस आपोआप शेवटच्या पायरीवर जाऊन बसतो. तो तेथे सहा महिने बसला तर तक्रारीचे कारण नाही. सहा वर्षे बसविला जातो, ही लूट आहे. आणि ‘तो अजून शिकतो आहे’ या गोड सबबीखाली ती चालते.

तो काय शिकतो, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. पहिले काही महिने शिडी वाहण्यात, भिंतीत झिरी खोदण्यात आणि पाइपातून तार ओढण्यात जातात. मग रंग येतात. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे पाच रंग एकीकडे आणि निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हे पाच दुसरीकडे. यांच्या मेळातून एका केबलीतल्या पंचवीस जोड्या ओळखावयाच्या असतात. एका जोडीतली एक तार आणि शेजारच्या जोडीतली दुसरी अशी गल्लत झाली, तरी फोन वाजतो, बोलणेही होते. मात्र शेजारच्या खोलीतले संभाषण पुसटपणे कानी येऊ लागते. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, तो शोधून काढावा लागतो. विजेच्या तारेला खेटून फोनची तार नेली तर घरघर येते. भूसंपर्क नीट नसेल तर पहिल्याच वळवाच्या विजेत यंत्रातली कार्डे जळतात. घंटा वाजते तेव्हा तारेवर साधारण ७५ व्होल्टचा दाब असतो. ओल्या हाताला तो चांगला जाणवतो. यानंतर यंत्राला आज्ञा देण्याचे काम येते : कोणत्या मेजाला कोणता क्रमांक, कोणाला बाहेरगावी बोलण्याची मुभा, पहिले मेज व्यग्र असेल तर घंटा कोठे वाजावी, कार्यालय बंद झाल्यावर ती रखवालदाराकडे कशी जावी. जो तरुण हे सारे करतो त्याला अकुशल म्हणणे, हे भाषेशीसुद्धा बेइमानीचे आहे.

यावर कंत्राटदारांचे समर्थक ठरावीक उत्तर देतात. पोरगा आला तेव्हा त्याला पक्कडही धरता येत नव्हती, आम्ही त्याला फुकट शिकविले, आता त्याने थोडी कळ सोसावी. या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. छोटा कंत्राटदार स्वतःही बहुधा असाच शिडी वाहून वर आलेला असतो आणि हाताखालच्या पोराला तो मनापासून शिकवितो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु शिकणे या क्रियेला आरंभ असतो तसा शेवटही असावा लागतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यामागचे तत्त्व नेमके हेच आहे. लेखी करार असावा, मुदत असावी, विद्यावेतन असावे, शेवटी परीक्षा असावी आणि ती संपली की उमेदवार हा कारागीर व्हावा. ज्या उमेदवारीला मुदत नाही, तिला उमेदवारी म्हणत नाहीत. तिला वेठ म्हणतात.

आता हा कायदा कोणाला लागतो ते पाहावे. २०१९ च्या सुधारित नियमांनी शिकाऊ उमेदवार घेण्याची सक्ती तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांवर ठेवली. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ती ऐच्छिक केली आणि चारांहून कमी माणसांचे दुकान हिशेबातच धरले नाही. फोनची यंत्रणा बसविणारे दुकान म्हणजे मालक, एक मिस्त्री आणि दोन पोरे. म्हणजे जेथे ही विद्या प्रत्यक्ष शिकली जाते, नेमक्या त्याच जागेकडे कायद्याने पाठ फिरविली आहे. कंत्राटी कामगारांच्या संरक्षणाचीही तीच कथा. १९७० चा कायदा वीस कंत्राटी कामगारांपासून पुढे लागू होत असे. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेने ही मर्यादा पन्नासांवर नेली. दोन पोरांच्या दुकानाला वीसही दूर होते आणि पन्नासही दूरच आहेत. परंतु राज्यकर्त्यांचे तोंड कोणत्या दिशेला आहे, ते या एका आकड्यावरून कळते.

सरकारी दूरसंचार खात्यात पूर्वी सारे आलबेल होते, असा दावा कोणी करू नये. तेथेही खड्डे खणणारा आणि केबल ओढणारा मजूर वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबत होता आणि नियमित कर्मचाऱ्याचेच काम निम्म्याअर्ध्या पैशांत करीत होता. फरक एवढाच की, तेथे भांडावयास समोर एक मालक होता. ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८७ मध्ये न्यायालयाने टपाल व तार खात्यातील रोजंदारी मजुरांना नियमित कर्मचाऱ्यांच्या किमान वेतनश्रेणीइतके वेतन देण्याचा आणि एक वर्षाहून अधिक काळ सलग काम केलेल्यांना सामावून घेण्याची योजना आखण्याचा आदेश दिला. संघटित झालेल्या रोजंदारी मजुराने मिळविलेला हा विजय होता. पुढे याच खात्याचे महामंडळ झाले, आणि ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी भारत संचार निगमचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली बाहेर पडले. त्यांच्याबरोबर लाइनमन आणि केबल जोडणारे यांच्या पिढ्यांनी हातात साठविलेली विद्याही बाहेर गेली. काम मात्र संपले नाही. ते कंत्राटदाराकडे गेले, आणि कंत्राटदाराकडे ‘हेल्पर’ आहेतच.

मजुरीइतकाच गंभीर प्रश्न ज्ञानाच्या मालकीचा आहे. तारा जोडणे पोराला शिकविले जाते. परंतु यंत्राला आज्ञा देण्याचा संकेतशब्द मिस्त्री स्वतःकडे ठेवतो, मिस्त्रीला न सांगितलेल्या गोष्टी विक्रेता स्वतःकडे ठेवतो आणि विक्रेत्याला न मिळणाऱ्या किल्ल्या कंपनी आपल्या तिजोरीत ठेवते. एक मेज हलविले तरी संस्थेला त्या साखळीपुढे हात पसरावा लागतो. हे तंत्रज्ञानाचे अटळ लक्षण आहे, असे भासविले जाते. ते तसे नाही, याचा पुरावा या देशातच आहे. १९८४ मध्ये शासनाने स्थापन केलेल्या सी-डॉट या संस्थेने १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र घडविले. ते वातानुकूलनाशिवाय चालत असे. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते बसले आणि त्याचा आराखडा एका कंपनीच्या तिजोरीत न ठेवता अनेक सार्वजनिक व खासगी उत्पादकांना देण्यात आला. पुढे १९९९ पासून ॲस्टरिस्क ही आज्ञावली उपलब्ध झाली. साध्या संगणकावर कार्यालयीन फोनचे केंद्र चालविणारी ही आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी, अशा अटीवर खुली आहे. कुलूप लावणे ही गरज नाही, तो धंदा आहे.

सरकारचे उत्तर आहे ‘कौशल्य विकास’. २०१५ पासून प्रधानमंत्र्यांच्या नावाने योजना चालू झाली आणि पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोयही तीत ठेवण्यात आली. कल्पना वाईट नाही. परंतु प्रमाणपत्र घेऊन परतलेल्या तरुणाचा हजेरीपुस्तकातला शब्द बदलण्याचे बंधन मालकावर येत नसेल, तर तो कागद भिंतीवर टांगण्यापुरताच उरतो. पाया नसलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र आणि प्रमाणपत्र नसलेल्या कौशल्याला अकुशल मजुरी, असा हा दुहेरी न्याय आहे. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताचे काम हे शिक्षणाचे माध्यम मानावे असा आग्रह धरला. आज हाताने शिकलेल्याला शिकलेला मानावयासही व्यवस्था तयार नाही.

आता मोबाइल आले, आज्ञावली दूरच्या संगणकावर गेली, तारांचे हे काम उद्या राहणारच नाही, मग एवढा आटापिटा कशाला, असेही विचारले जाईल. नव्या पद्धतीचा फोनही मेजापर्यंत तारेनेच येतो; आता त्या एकाच केबलीतून त्याची वीज आणि त्याचा आवाज दोन्ही धावतात, आणि तिच्याही जोड्या रंग पाहूनच जुळवाव्या लागतात. यंत्र बदलते, शिडी वाहणारा बदलत नाही. उलट प्रत्येक नव्या यंत्राबरोबर तो पुन्हा ‘नवशिका’ ठरविला जातो आणि त्याची उमेदवारी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते.

सर्वांत कटू गोष्ट शेवटी सांगणे प्राप्त आहे. ज्या पतसंस्था, शिक्षणसंस्था, ग्राहकभांडारे आणि कामगार संघटनांची कार्यालये समाजवादी चळवळीतल्या माणसांनी उभी केली, त्यांतली किती कार्यालये फोनची यंत्रणा बसविताना सर्वांत कमी दराच्या निविदेपलीकडे पाहतात? तो कमी दर कोठून येतो, हे संचालक मंडळात बसलेल्या कार्यकर्त्याला ठाऊक नसते असे नाही. शिडीवरच्या पोराच्या मजुरीतून तो कापलेला असतो. सभेत शोषणाविरुद्ध ठराव करावयाचा आणि त्याच सभागृहाच्या भिंतीत शोषणाची तार गाडावयाची, हा व्यवहार थांबला पाहिजे.

त्यासाठी दिल्लीतल्या सत्ताबदलाची वाट पाहावी लागत नाही. निविदेतच अट घालता येते की, जोड्या जुळविणाऱ्या प्रत्येक माणसाला कुशल कामगाराचा दर मिळेल आणि त्याची पावती बिलासोबत जोडली जाईल. जोड्यांची यादी, तारांचा नकाशा आणि यंत्राचा संकेतशब्द काम संपताच संस्थेच्या दप्तरी जमा होईल, अशीही अट घालता येते. चळवळीच्या तांत्रिक शाळांतून अशा मिस्त्रींना शिक्षक म्हणून बोलाविता येते आणि त्यांच्या पोरांची परीक्षा घेऊन त्यांना लेखी दाखला देता येतो. या मुलांचे दुकान दोन माणसांचे असले तरी तालुक्यात अशी दुकाने अनेक असतात. त्यांची एक संघटना बांधणे हे तर कार्यकर्त्यांचे रोजचेच काम आहे.

तारांच्या पेटीच्या झाकणाला आतल्या बाजूने एक तक्ता चिकटविण्याची चांगल्या मिस्त्रींची रीत असते : कोणती जोडी कोणत्या मेजाला. त्या तक्त्याखाली जोडणी करणाऱ्याचे नाव आणि त्यापुढे ‘कारागीर’ हा शब्द लिहिला जावा, आणि हजेरीपुस्तकातही तोच शब्द असावा. ही मागणी इतकी लहान आहे की ती नाकारणाऱ्याला आपण समाजवादी आहोत असे म्हणता येणार नाही.